कट्टेवाडीची नोंद

गुरुशांत बिराजदार यांच्याबरोबर मी पंचवीसेक वर्षं काम केलं. सोलापुरात नव्या पेठेच्या मागे आमचं जुनं वाचनालय होतं. ते तिथले ग्रंथपाल आणि मी त्यांची सहायक. ते कधी कुठल्या शाळेत शिकवायला गेले नाहीत, तरी सगळे त्यांना 'सर' म्हणत. कुणी "चेतनाताई, सर कुठायत?" असं विचारलं की मी मान वर न करता संदर्भ विभागाकडे बोट दाखवायची. ते तिथेच सापडत.

त्यांचं गाव वळसंग. वडील प्राथमिक शाळेत मास्तर. घरात कानडी आणि शाळेत मराठी, त्यामुळे दोन्ही भाषा त्यांना सारख्याच जवळच्या. अठ्ठ्याहत्तर साली ते वाचनालयात कारकून म्हणून लागले, आणि पुस्तकं देण्याघेण्याच्या खिडकीत बसूनच परीक्षा देत देत ग्रंथपाल झाले. इतिहासाची पदवी त्यांच्याकडे नव्हती. पण विद्यापीठातले प्राध्यापक आपल्या विद्यार्थ्यांना चिठ्ठी देऊन त्यांच्याकडे पाठवायचे.

कोशाचं वेड कसं लागलं ते मला ठाऊक आहे, कारण मी तेव्हा नुकतीच लागले होते. शहाण्णव साल असेल. सैन्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आले आणि म्हणाले, "आमच्या गावच्या बंधाऱ्याला भुताचा बंधारा का म्हणतात, हे कशात मिळेल?" सरांनी तासभर कपाटं उघडली, पण काही मिळालं नाही. ते गृहस्थ "असू द्या" म्हणून निघून गेले. सर मात्र दिवसभर पुन्हा पुन्हा तीच कपाटं उघडत राहिले. ग्रंथपालाला 'असं पुस्तक नाही' म्हणावं लागणं त्यांना फार लागलं. पुढच्या रविवारी ते एसटीने त्या गावाला गेले.

मग पंधरा वर्षं त्यांचे रविवार असेच गेले. त्यांच्या पत्नी मालतीवहिनी पहाटे उठून कडक भाकरी आणि शेंगाचटणी फडक्यात बांधून द्यायच्या. सर करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत मिळेल त्या गाडीने जायचे, पारावर बसायचे, म्हाताऱ्यांना बोलतं करायचे. गावाचं नाव कशावरून पडलं, विहीर कुणी खोदली, जत्रा कधीपासून भरते. जिल्ह्यात अकराशेच्या वर गावं. प्रत्येक गावाचं एक कार्ड आणि ती कार्डं चपलांच्या दुकानातून आणलेल्या खोक्यांत.

त्यांचा एक नियम होता. ते म्हणत, "एक कागद आणि एक तोंड. दोन्ही जुळली तरच ठाम लिहायचं." नुसता कागद किंवा नुसतं तोंड असेल, तर वाक्याच्या शेवटी 'असे सांगतात' हे दोन शब्द यायलाच हवेत. माझ्या टंकलेखनात ते कधी सुटले तर सर पान परत द्यायचे. ओरडायचे नाहीत. फक्त त्या जागी पेन्सिलीने एक बारीक टिंब काढायचे.

पुण्यातल्या एका प्रकाशन संस्थेने कोश छापायचं ठरवलं. पहिला खंड निघाला, चांगला गाजला. दुसरा खंड 'क'पासून सुरू होणार होता. दोन हजार दहाचं साल, मुदत जवळ आलेली, आणि तीसेक गावं पाहायची राहिलेली. त्यातच वहिनींना गर्भाशयाची गाठ निघाली. सरांचे रविवार दवाखान्यात जाऊ लागले. मग राहिलेल्या गावांना आम्ही पोस्टाने छापील प्रश्नावली पाठवली.

अक्कलकोटच्या पुढे सीमेलगत कट्टेवाडी नावाचं छोटं गाव आहे. तिथून आठवड्यातच उत्तर आलं. सुंदर वळणदार अक्षर, खाली सही आबासाहेब पाटील यांची. गावची बारव, म्हणजे पायऱ्यांची दगडी विहीर, आपल्या पूर्वजांनी बांधली, भोवतालची जागाही आपल्याच घराण्याची, असं त्यांनी लिहिलं होतं. सरांनी तसं कार्ड केलं, शेवटी 'असे सांगतात' लिहिलं. ते मी स्वतः टंकलं.

प्रुफं आली तेव्हा संस्थेच्या संपादकांनी शेकडो ठिकाणचे ते दोन शब्द उडवले होते. पानं वाचवायची होती, आणि फोनवर त्यांचं म्हणणं असं की, "बिराजदार, हा कोश आहे, पारावरच्या गप्पा नाहीत." सर भांडले. जिथे जिथे आठवलं तिथे शब्द परत घातले. पण वहिनींच्या ऑपरेशनच्या दिवशी 'क'ची चाळीस पानं आली, सोबत निरोप, की संध्याकाळच्या कुरियरने परत हवीत. मी ती दवाखान्यात घेऊन गेले. वहिनी आत होत्या. बाकड्यावर बसून सरांनी एकेका पानावर सही केली. ते वाचत नव्हते, हे मला दिसत होतं. मी म्हणाले, "सर, उद्या पाठवू की." ते म्हणाले, "नको, होऊन जाऊ दे." मी पानं पाकिटात घातली आणि नेऊन दिली.

वहिनी बऱ्या झाल्या. खंड निघाला. सरांना शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, वर्तमानपत्रात फोटो आला. दोन हजार तेरा साली ते निवृत्त झाले, पण दुसऱ्या दिवशीही साडेदहाला संदर्भ विभागात हजर. तिसऱ्या खंडाचं काम चालूच होतं.

दोन वर्षांनी एका घरातून वाचनालयाला पत्र्याची एक पेटी भेट आली. तिच्यात एका शाळामास्तरांची वही होती, एकोणीसशे एकतीस सालची. हे मास्तर कट्टेवाडीत नोकरीला होते. सर वाचता वाचता थांबले आणि मला मोठ्याने वाचून दाखवलं, "बारव हणमा वडार व त्याचे दोघे भाऊ यांनी खोदिली. गावास पाणी लागले म्हणून पंचांनी बारवेभोवतीची जागा त्यांस राहण्यास कायमची दिली."

सरांनी वही मिटली. मग म्हणाले, "आपलं चुकलंय, चेतना."

छापील खंड न उघडता, जुन्या कार्डावरूनच त्यांनी दुरुस्तीचं कार्ड केलं आणि संस्थेला पत्र लिहिलं. दुसऱ्या आवृत्तीत सुधारू, असं उत्तर आलं. मी म्हणाले, "सर, वर्तमानपत्रात एक छोटा खुलासा देऊ या का?" ते म्हणाले, "एका गावासाठी कशाला? आवृत्ती निघेल तेव्हा नीट करू." त्यांचा छापील पुस्तकाच्या रीतीवर विश्वास होता. चूक पुस्तकात झाली तर दुरुस्तीही पुस्तकातच व्हायला हवी, असं त्यांना वाटायचं. माझ्या हातात तेव्हा मोबाइल होता. त्या पानाचा फोटो काढावा, हे ना त्यांना सुचलं ना मला.

पेटीची दाखल नोंद मी केली होती. 'जुनी पेटी एक, आत किरकोळ कागदपत्रे.' एवढंच. वहीचं वेगळं नाव लिहायचा मी कंटाळा केला.

वीस सालच्या टाळेबंदीत वाचनालय बंद होतं. पावसात छत गळलं. पाच-सहा महिन्यांनी दार उघडलं तेव्हा मागच्या खोलीत बुरशीचा वास भरून राहिला होता. समितीने माणसं लावून ओले गठ्ठे ट्रॅक्टरमध्ये भरले. सर तेव्हा कोरोनाने अंथरुणाला खिळलेले, आणि माझा मोहल्ला साथीमुळे पत्रे ठोकून बंद केलेला. आम्ही दोघं पुन्हा वाचनालयात गेलो तेव्हा ती खोली रिकामी होती, भिंतींना नवा चुना मारलेला होता.

बावीस सालच्या मार्च महिन्यात एक म्हातारी आणि तिचा मुलगा वाचनालयात आले. म्हातारीचं नाव सोजरबाई धोत्रे, मुलाचं कुंडलिक. तिने पदराखालून झेरॉक्सचा एक कागद काढला.

"बिराजदार मास्तर तुमीच का?"

"व्हय, मीच," सर म्हणाले. गावाकडचं माणूस समोर आलं की त्यांची भाषा आपोआप बदलायची.

"मग ह्यो कागद तुमीच लिवलाय न्हवं?"

तो कोशातला कट्टेवाडीचा परिच्छेद होता. सरांनी उभ्यानेच वाचला.

"आमी बारा घरं हाय तितं," सोजरबाई म्हणाली. "माझ्या सासऱ्याच्या आज्यानं खांदली ती बारव. हणमा नाव त्येचं. ह्यात कुटं हाय त्यो?"

कुंडलिकने बाकीचं सांगितलं. आबासाहेबांचा नातू इंद्रजीत पुण्यात असतो. त्याला बारवेजवळची जागा गोदामासाठी द्यायची होती. सातबाऱ्यावर नाव पाटलांचंच होतं. वडारांच्या हातात राहत्या घरांपलीकडे काही नव्हतं. त्यांच्या वकिलाने सांगितलं होतं की गावाने जागा दिल्याचा जुना काही उल्लेख मिळाला, तर लढता येईल. तो शोधत असतानाच समोरच्यांनी कोशाचं हे पान दाखल केलं.

"वकील म्हनला, पुस्तकात छापून आलंय, आता काय करणार," कुंडलिक म्हणाला. "आय म्हनली, ज्यानं लिवलंय त्यालाच इचारू की."

सरांनी मला दुसरा खंड आणायला सांगितलं. पान उघडलं. बोट ओळीच्या शेवटावर ठेवून ते माझ्याकडे बघत राहिले.

"चेतना, 'असे सांगतात' कुठं गेलं?"

मी खंड मिटून ठेवला. दवाखान्यातलं बाकडं त्यांनाही आठवलं असावं, कारण त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

पुढचे दोन महिने आम्ही वही शोधली. ट्रॅक्टर कुणाचा होता ते शोधलं, त्याने माल कुठे टाकला ते शोधलं. रद्दीवाला म्हणाला, ओला कागद तो घेतच नाही. पेटी ज्या घरातून आली होती ते घर विकलेलं, माणसं कुठे गेली ते शेजाऱ्यांना माहीत नाही. दाखल पुस्तकात माझीच ओळ सापडली, 'किरकोळ कागदपत्रे'. सरांनी ती वाचली आणि पुस्तक मिटलं. एका शब्दाने बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.

मग ते आबासाहेबांना भेटायला गेले. मी सोबत होते. ऐंशीच्या घरातला माणूस, अदबीचा. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा सांगितला, कोशाचा खंड कपाटातून काढून समोर ठेवला. त्याला प्लॅस्टिकचं कव्हर घातलेलं होतं.

"आबासाहेब, ही नोंद चुकलीय," सर म्हणाले. "हणमा वडाराची बारव आहे ती. मी स्वतः वाचलंय."

"सर, असं कसं म्हणता? आमचे वडील सांगायचे, तवा मलाबी वाटायचं की म्हातारा बढाया मारतोय. तुमच्या पुस्तकात आलं तवा खात्री पटली बघा."

"पण ते तुम्हीच लिहून पाठवलं होतं. प्रश्नावली तुम्ही भरली होती."

"भरली की. मी ऐकलेलं लिवलं. खरं-खोटं बघायचं काम तुमचं, म्हणून तर तुमच्याकडं पाठवलं."

ते खोटं बोलत नव्हते. रागवावं असं त्या माणसात काहीच नव्हतं. निघताना त्यांनी आम्हाला ज्वारीची पिशवी देऊ केली. सरांनी हात जोडले आणि ती घेतली नाही.

सुनावणीला सर स्वतः साक्षीला उभे राहिले. स्वच्छ धुतलेला सदरा, हातात खंड. समोरचा वकील तरुण होता, नीट बोलणारा.

"ही नोंद कोणी लिहिली?"

"मी."

"आणि आता ती चूक आहे असं म्हणता. आधार काय?"

"एका शाळामास्तरांची वही. एकोणीसशे एकतीसची."

"ती वही कुठे आहे?"

"नाही. वाचनालयात पाणी शिरलं, त्यात गेली."

"फोटो, नक्कल, दाखल पुस्तकात तिचा उल्लेख?"

सरांनी दुरुस्तीचं कार्ड आणि संस्थेला लिहिलेल्या पत्राची प्रत पुढे केली, तर वकील म्हणाला, "हे तुमचंच अक्षर." मी मागच्या बाकावर होते, माझी मान खाली गेली.

वकिलाने खंड हातात घेतला आणि प्रस्तावना वाचून दाखवली. "'एका तोंडावर विसंबून या कोशात काहीही निश्चित म्हणून लिहिलेले नाही.' खाली सही कोणाची?"

"माझी."

"मग आज आम्ही एका तोंडावर विसंबावं, असं आपलं म्हणणं आहे?"

सर म्हणाले, "त्या दिवशी मी पानं न वाचता सही केली होती."

"म्हणजे बाकीच्या गावांच्या नोंदीसुद्धा न वाचता केल्यात?"

"नाही. तसं नाही..." सर म्हणाले. मागे कुणीतरी हसलं. समोर बसलेले न्यायाधीश साहेब चांगले होते, त्यांनी हसणाऱ्याला गप्प केलं. पण त्यांनाही कागदावर काहीतरी लिहायचं होतं, आणि त्यांच्यासमोर कागद एकच होता. बाहेर आल्यावर सर कानडीत दोनदा पुटपुटले, "आयतु, आयतु." झालं, संपलं.

निकाल यायला सात महिने लागले. त्या काळात सरांनी दुरुस्तीच्या चिठ्ठ्या छापून घेतल्या, दोनशे. दुसरा खंड जिथे जिथे असेल तिथे जाऊन त्या पानावर चिठ्ठी चिकटवायची, असं त्यांनी ठरवलं. सदुसष्टाव्या वर्षी पुन्हा एसटी. मंगळवेढ्याच्या एका शाळेत ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "सर, तुम्हीच लिहिलंय हे कबूल, पण पुस्तकाला काही चिकटवलं की तपासणीत मला जाब विचारतात हो." एका महाविद्यालयात तर संशोधन करणाऱ्या मुलीने मोबाइलवर कट्टेवाडीची माहिती काढून त्यांनाच दाखवली. शब्द न् शब्द त्यांचाच होता, खाली त्यांचं नाव होतं. "सर, इथे सगळीकडे हेच आहे," ती म्हणाली. "तुमची काहीतरी गल्लत होतेय." दोनशेतल्या सतरा चिठ्ठ्या लागल्या. बाकीच्या अजून त्यांच्या टेबलाच्या खणात आहेत.

तेवीसच्या जानेवारीत निकाल पाटलांच्या बाजूने लागला. एप्रिलमध्ये घरं हलली. वडारांनी आपल्या हाताने घडवलेले उंबऱ्याचे दगड काढून नेले, एवढीच त्यांची मिळकत. चार घरं गावाबाहेर गायरानात गेली, काही विजापूरच्या बाजूला. कुंडलिकने अक्कलकोट रोडला एक खोली भाड्याने घेतली आणि बांधकामावर जाऊ लागला. सोजरबाई त्याच्यासोबत शहरात आली. मे महिन्यात बारवेत मुरूम भरला. सर बघायला जायचं म्हणत होते. वहिनींनी त्यांना जाऊ दिलं नाही, आणि त्यांनीही हट्ट धरला नाही.

त्या दिवाळीच्या सुमाराला प्रकाशन संस्थेचा फोन आला. चारही खंड नव्याने काढायचा विचार आहे, पहिले दोन जसेच्या तसे छापू, तिसऱ्या-चौथ्याचं साहित्य द्या. सर एकदम ताठ बसले. "जसेच्या तसे नाही. दुसऱ्यात एक दुरुस्ती आहे." पलीकडच्या मुलाने समजावलं की जुन्या पानांचे फोटो काढून छपाई होणार आहे, मजकुरात हात घालता येणार नाही, हवं तर नवी प्रस्तावना द्या. सरांनी एका बैठकीत प्रस्तावना लिहिली. सव्वा पान, सगळं कट्टेवाडीबद्दल. चूक कशी झाली, कोणामुळे झाली, हणमा कोण होता. तीन आठवड्यांनी निरोप आला, की प्रकरणाचा कोर्टात निकाल लागलेला आहे, कायदेशीर सल्लागार नको म्हणतात, दुसरं काही सर्वसाधारण लिहा.

सरांनी दुसरं काही लिहिलं नाही. तिसऱ्या खंडाची कार्डंही दिली नाहीत. संस्थेकडे पहिल्या दोन खंडांचे हक्क होतेच, ते त्यांनी छापले. प्रती पार्सलने घरी आल्या. वहिनींनी पार्सल कॉटखाली सरकवलं.

आता सर वाचनालयात जात नाहीत. वाचनालयच नव्या इमारतीत गेलंय, तिथे संदर्भ विभागाऐवजी स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका आहे. मी निवृत्त झाले. पंधरवड्यातून एकदा त्यांच्याकडे जाते.

सोजरबाईही येते. एवढ्या मोठ्या सोलापुरात तिच्या ओळखीचं दुसरं घर नाही. पहिल्यांदा आली तेव्हा सर दाराआडच उभे राहिले, बाहेर येईनात. तिने वहिनींना विचारलं, "मास्तर बरं हायत न्हवं?" आणि ओसरीवर बसली. तेव्हापासून ती महिन्यातून दोनदा तरी येते, वहिनींबरोबर डाळ निवडते, चहा घेते. रागाचं एक अक्षर तिने काढलं नाही. सरांना तिच्याकडे धड बघता येत नाही.

गेल्या वैशाखात मी गेले तेव्हा ती आलेलीच होती. दुपारचे तीन, पंखा गरम वारा फेकत होता. सर खुर्चीत बसले होते, हातात काही नव्हतं.

सोजरबाई म्हणाली, "मास्तर, आता काय लिवताय?"

"काही नाही."

"आन् ती खोकी?" तिने कोपऱ्यातल्या चपलांच्या खोक्यांकडे हात केला. "त्येच्यात गावं हायत म्हनत होत्या वैनी."

"आहेत. साडेपाचशे."

"मग लिवा की. नुसतं बसून काय करनार?"

सरांनी खोक्यांकडे पाहिलं.  मग ते उठले आणि "पाणी आलं का बघतो" म्हणून मागे गेले. सोलापुरात पाचव्या दिवशी नळाला पाणी येतं, त्या दिवशी त्यांच्या भागाची पाळी होती.

बराच वेळ झाला तरी ते परत आले नाहीत, म्हणून मी मागे गेले. ते पिंपापाशी उभे होते. नळाला लावलेली पाइप एका हातात धरून, दुसरा हात पिंपाच्या कडेवर टेकवून. नळातून नुसती हवा फुसफुसत होती.

"अजून आलं नाही," ते म्हणाले.

मी म्हणाले, "चला आत, येईल तेव्हा येईल."

त्यांनी ऐकलं, पण पाइप सोडली नाही. मी तिथेच त्यांच्याशेजारी उभी राहिले. आत वहिनी सोजरबाईला चहा पिऊन जा म्हणत होत्या.